झोपलेल्याचा चेहरा रंगवू नये

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचली असती तर शेवट तरी नीट केला असता.

माझ्या थोरल्या बहिणीच्या, विलाईच्या बाबतीत हे घडलं. ती आज हयात आहे, धडधाकट आहे, आणि हे लिहायला तिने हो म्हटलंय. एकच अट घातली.

"मला पाठीशी घालू नकोस. जसं झालं तसं लिही."

भुताच्या गोष्टी बहुतेक रात्री सुरू होतात. ही भर दुपारी सुरू झाली. एप्रिल महिना, सोंगक्रानचा, म्हणजे आमच्या नववर्षाच्या सणाचा शेवटचा दिवस. मुकदाहानच्या वरच्या अंगाला, मेकाँगच्या काठावर आमचं गाव आहे. घरं लाकडी खांबांवर उभी, खाली मोकळी सावली. उन्हाळ्यात सगळा संसार त्या सावलीत उतरतो. आमच्या घराखाली एक जुनी बांबूची माची होती.

त्या माचीवर आई झोपली होती...

पण तिथे पोचायच्या आधी आईच्या झोपेबद्दल सांगायला हवं.

*

बाबा गेले त्या पावसाळ्यात आईची झोपही गेली.

सुरुवातीला कोणाच्या लक्षात आलं नाही. रात्री कधीही जाग आली की घराखालून आवाज यायचा.

टक... टक... टक...

आईचे पुढचे दात पडले होते. सुपारी चावायची म्हणजे पितळी नळीत घालून कुटायला लागायची. ती अंधारात माचीवर बसून कुटत राहायची. समोर नदी. पलीकडे लाओसचे दिवे.

शेजारचे थोंगसुक काका सकाळी कुंपणापाशी येऊन म्हणायचे, "खामपेंग वहिनी, नाहीतरी जागीच असतेस, तर माझ्या कोंबड्यांवर नजर ठेव की. रानमांजर लागलंय."

"ठेवते. पण अर्धी अंडी माझी."

"आणि मांजर नेईल त्या कोंबड्या?"

"त्या सगळ्या तुमच्या."

आई हसायची. पण डोळ्यांखालची कातडी काळी पडत चालली होती. चुलीवर भात ठेवून ती विसरायची. एकदा नदीवर जाऊन बाबांची होडी शोधत बसली. होडी विकून महिने झाले होते.

तिची धाकटी बहीण, सायथोंग मावशी, पलीकडच्याच घरात राहते. ती म्हणाली, "ख्वान सुटलाय तिचा."

आमच्याकडे असं मानतात की प्रत्येकाच्या आत एक ख्वान असतो. प्राण म्हणा, चैतन्य म्हणा, पण फार भित्रं. माणूस दचकला, दुःखात बुडाला की ते अंगातून निसटतं आणि भटकत राहतं. झोपेतही ते बाहेर पडतं. हिंडून येतं. आणि जाग यायच्या आत आपलं घर ओळखून आत शिरतं.

मावशीने गावातल्या, असे विधी करणाऱ्या म्हाताऱ्याला बोलावलं. त्याने उकडलेलं अंडं आणि चिकट भात पुढे ठेवून ख्वानाला हाका मारल्या. आईच्या मनगटाला पांढरा दोरा बांधला. आई त्या रात्री झोपली. दुसऱ्या रात्री पुन्हा टक... टक...

विलाईताई खोन केन शहरात राहते. शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासायचं काम करते. लहानपणापासून वाचनाचं वेड, त्यामुळे घरात तिच्या शब्दाला वजन. ती त्या दोऱ्याकडे बघून म्हणाली, "मावशी, दोऱ्याने झोप बांधता आली असती तर दवाखाने बंद पडले असते."

"दवाखाने चालू आहेत ना? मग ने तिला. मी कुठे अडवलंय?"

ताईने नेलं.

डॉक्टर अनोंग झोपेच्याच आजारांचं बघायच्या. शांत बाई. त्यांनी आईला घाईने गोळी लिहून दिली नाही. आधी पुष्कळ विचारलं. किती वाजता आडव्या होता, मग काय करता, मनात काय येतं. मग म्हणाल्या, "आजी, रात्र रात्र अंथरुणात तळमळत पडलं की शरीर एक चुकीची गोष्ट शिकतं. अंथरूण म्हणजे जागायची जागा. ते त्याला विसरायला लावायचंय."

"ते कसं?"

"डोळे जड झाल्याशिवाय आडवं व्हायचं नाही. झोप लागत नाही असं वाटलं की उठायचं, दुसरीकडे जाऊन बसायचं. पेंग आली की परत यायचं. घड्याळाकडे बघायचं नाही. रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळी उठायचं. आणि दुपारी झोपायचं नाही. दुपारची डुलकी रात्रीची झोप खाते."

आईने सगळं नीट ऐकून घेतलं. "डॉक्टरीणबाई, म्हणजे झोप येत नसेल तर झोपू नको, हेच ना औषध? मग मी इतके महिने तेच तर घेतेय."

डॉक्टर खळखळून हसल्या. सुरुवातीपुरती अर्धी गोळी दिली, तीही हळूहळू बंद करायची होती. खरा उपाय ते नियमच होते.

आणि नियम पाळून घ्यायला ताई होती.

रोज दुपारी तिचा फोन जायचा.

"आई, आडवी नाही ना झालीस?"

"नाही गं बाई. उभ्यानेच पपई किसतेय."

"खरं सांग."

"बसून किसतेय. बसायला बंदी आहे का?"

मागून मावशीचा आवाज यायचा. "तुझी लेक फोनमध्ये काठी घेऊन बसलीये!"

एका दुपारी आई किसता किसता पेंगली आणि बोट कापलं. बोटाला चिंधी बांधून तिने फोन घेतला, आणि छान आहे म्हणून सांगितलं. ताईला हे फार उशिरा कळलं.

पण उपाय लागू पडला, हेही खरं. थंडी संपता संपता आई रात्री झोपायला लागली. गोळी सुटली. सुपारीचा आवाज रात्रीचा थांबला. थोंगसुक काका म्हणाले, "झालं, आता माझ्या कोंबड्यांचं काही खरं नाही."

फक्त दुपारी तिच्या पापण्यांवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं. तरी ती बसून राहायची. लेकीने सांगितलं होतं म्हणून.

*

एक जुनी आठवण सांगते. तिच्यावाचून पुढचं कळणार नाही.

ताई सात-आठ वर्षांची असेल. मी रांगत होते. बाबा दुपारी त्याच माचीवर घोरत होते. ताईने चुलीतला कोळसा घेतला आणि त्यांना मिशा काढल्या. झकास, वर पिळदार.

आई पाणी घेऊन आली, बघितलं, आणि घागर तिच्या हातातून सुटली.

आईने ताईला आयुष्यात मारलं असेल तर ते त्या दिवशी. मग खांद्यावरचं फडकं ओलं करून ती बाबांचा चेहरा पुसायला लागली. पुसताना त्यांचं नाव घेत होती. भराभर, पुन्हा पुन्हा, घाबऱ्या आवाजात. बाबा उठले, काय झालं म्हणाले, तरी ती थांबेना.

नंतर तिने ताईला जवळ घेतलं. म्हणाली, "झोपलेल्याचा चेहरा रंगवू नये गं. ख्वान परत येतो आणि बघतो तर हा भलताच कोणी. मग तो आत कसा शिरेल? आपल्याच दारात उभा राहील बिचारा."

आमच्याकडे हे प्रत्येक पोराला माहीत असतं.

ताईलाही माहीत होतं.

*

त्या सोंगक्रानला मी गावी गेले नाही. बँकॉकमध्ये काम होतं. काम नेहमीच असतं.

ताई गेली. पण छपाईला पुस्तक गेलेलं, त्यामुळे सगळा सण तिने मोबाइलवर काढला. मोठ्यांच्या हातावर सुगंधी पाणी घालून आशीर्वाद घ्यायचा असतो. पांढरी मऊ माती पाण्यात कालवून एकमेकांच्या गालांना लावायची असते. थंडाव्याला आणि शुभ म्हणूनही. "करू गं आई, संध्याकाळी करू," असं म्हणता म्हणता शेवटचा दिवस उजाडला.

दुपारी मावसभाऊ गाडी घेऊन आला. तिला बसथांब्यावर सोडायचं होतं. त्याने भोंगा वाजवला.

ताई पिशवी घेऊन खाली उतरली.

आई माचीवर झोपली होती.

कुशीवर नव्हे, उताणी. हात पोटावर. इतक्या गाढ झोपेत तिला ताईने किती तरी दिवसांत पाहिलं नव्हतं. श्वास संथ चालला होता. मुलं रस्त्यावर पाणी उडवत ओरडत होती, तरी पापणी हलत नव्हती.

नियमाप्रमाणे ताईने तिला उठवायला हवं होतं. दुपारची झोप बंद, हे तिचंच फर्मान.

तिला वाटलं, झोपू दे आज.

मग वाटलं, आशीर्वाद न घेता कशी जाऊ?

चांदीचा वाडगा तिथेच होता. मोगऱ्याची फुलं टाकलेलं पाणी, आणि एका करवंटीत कालवलेली पांढरी माती. ताईने आईच्या तळहातावर चार थेंब पाणी सोडलं. मग बोटांवर माती घेतली, आणि आईच्या दोन्ही गालांना लावली. मग कपाळाला. अगदी हलक्या हाताने. आईचे ओठ किंचित उघडले. जाग आली नाही.

त्या क्षणी बाबांच्या मिशा आठवल्या नाहीत, असं ताई म्हणत नाही.

आठवल्या होत्या. म्हणूनच तिला हसू आलं.

भोंगा पुन्हा वाजला. ती गाडीत जाऊन बसली.

अंधार पडताना बसमध्ये मावशीचा फोन आला. आई उठत नव्हती.

*

गावाकडच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, हृदय. झोपेतच गेल्या, त्रास झाला नाही. ताईने गोळीबद्दल विचारलं. ती केव्हाच बंद झाली होती, तिचा संबंध नव्हता. गोळीत दोष निघाला असता तर ताईला बरं वाटलं असतं. गोळीचं पाप चारचौघांत सांगता येतं.

मी पहाटे पोचले. आईला अंघोळ घालायची तयारी चालली होती. चेहऱ्यावरची माती वाळून तडकली होती.

मावशी ओल्या फडक्याने ती पुसता पुसता थांबली. "कोणत्या मेल्या पोरांनी हिचं तोंड रंगवलं?"

थोंगसुक काका दारातून म्हणाले, "सण होता सायथोंग. पोरांनी माझी म्हैससुद्धा सोडली नाही."

ताई पाण्याचं भांडं धरून उभी होती. मी तिच्या शेजारीच होते. भांड्यातलं पाणी थरथरत होतं, ते मला दिसलं. मला वाटलं, रडू आवरतेय.

तिने भांडं मावशीपुढे सरकवलं.

*

खोन केनला परतल्यावर ताईची झोप गेली.

ती डॉक्टर अनोंगकडेच गेली. त्यांनी तेच नियम सांगितले. ताईने एकेक अक्षर पाळलं. घड्याळ कपाटात टाकलं. झोप लागली नाही की उठायची, बाहेरच्या खोलीत वेताच्या खुर्चीत बसायची. मंद दिवा, हातात एखादं कंटाळवाणं पुस्तक.

पहिल्यांदा ते तिथेच झालं.

ती खुर्चीत बसली होती. बाहेर पावसातले बेडूक ओरडत होते. ओरडता ओरडता सगळे एकदम गप्प झाले. आणि आतल्या खोलीतून आवाज आला...

कर्रर्र.

बांबूची माची अंग टाकल्यावर करकरते, तसा.

ताईचा पलंग लोखंडी आहे.

ती उठून दारापर्यंत गेली. पलंग रिकामा होता. चादर तिने टाकली तशीच. पण उशीवर... खोलगा होता. तिने हात लावला. उशी गार होती, ओलसर. खोलीत मोगऱ्याचा वास भरला होता.

दुसऱ्या रात्री भिंतीपलीकडून आलं.

टक... टक... टक...

भिंतीपलीकडे काही नाही. चौथ्या मजल्याची मोकळी हवा आहे.

ती आडवी झाली की आवाज थांबायचा. थांबायचा म्हणजे कुटणारं माणूस हातातलं काम खाली ठेवून उठावं, तसा. मग काही वेळ शांतता. आणि पापण्या जड होऊन मिटायला लागल्या की...

कोणीतरी तिच्या तोंडावर वाकायचं.

ताईने डोळे कधी उघडले नाहीत. उघडता आले नाहीत. पण कळायचं. गालाला गारवा लागायचा. अगदी जवळून, कपाळापासून हनुवटीपर्यंत, तिचा चेहरा कोणीतरी निरखत होतं. बाजारात चुकलेलं मूल दिसेल त्या बाईच्या तोंडाकडे कसं बघतं? ही आहे का? ही आहे का?

मग तो गारवा दूर व्हायचा.

ही नाही.

ताईचं कपाळ, गालाची हाडं, हुबेहूब आईची. सगळे तसं म्हणतात.

डॉक्टर अनोंगनी शांतपणे ऐकून घेतलं. "झोपेच्या उंबरठ्यावर असं होतं. मेंदू अर्धा जागा, अर्धा झोपलेला. अंग हलत नाही, आणि कोणीतरी जवळ आहे असं वाटतं. पुष्कळांना होतं हे. झोप अपुरी असली की जास्तच."

"वास येतो डॉक्टर."

"येऊ शकतो. आठवणीला वास असतोच." मग त्या म्हणाल्या, "पण नियम पाळूनही तुम्हाला झोप येत नाही, म्हणजे तुम्हीच कुठेतरी तिला अडवताय. डोळे मिटताना नेमकी कशाची भीती वाटते?"

ताई म्हणाली, "परत येता येणार नाही, याची."

डॉक्टर वाट बघत राहिल्या. सांगायला तीच जागा होती. ताईने ओठ उघडले, आणि पुढच्या भेटीची तारीख विचारली.

दोन महिन्यांत ती अर्धी झाली. मुद्रितात ओळीच्या ओळी सुटायला लागल्या. एकदा रस्ता ओलांडता ओलांडता ती मध्येच उभी राहिली आणि ट्रक तिच्या अंगाला घासून गेला. मालक म्हणाले, सुट्टी घे. फोनवर तिचा आवाज ऐकून मला आईच्या शेवटच्या पावसाळ्याची आठवण यायची. अशी ती फार दिवस टिकणार नाही, हे मला दिसत होतं.

*

पावसाळ्यातल्या अवसेच्या तोंडावर आमच्याकडे पितरांना भात घालतात. केळीच्या पानात चिकट भात, मासा, फळ, विडा असं बांधायचं, आणि उजाडायच्या आत देवळाच्या आवारात झाडांखाली जमिनीवर ठेवून यायचं. त्या वर्षी आईचाही वाटा होता. आम्ही दोघी गेलो.

संध्याकाळी घराखाली बसून पुड्या बांधत होतो. मावशी ताईकडे बघत होती.

"काय गं, हाडं मोजून घेऊ का तुझी? दिवा लावायची गरज नाही, आरपार दिसतंय."

"झोप नाही मावशी."

"दवाखाने चालू आहेत ना?"

ताई हसली नाही. पानाला गाठ मारता मारता, मान वर न करता म्हणाली, "मावशी, आईच्या तोंडाला ती माती मी लावली होती."

माझ्या हातातला भात हातातच राहिला.

मावशीने पुडी बांधून पूर्ण केली. टोपलीत ठेवली. "माहीत आहे."

"कसं?"

"पोरं फासतात, धसमुसळी. ती हलक्या हाताची होती." तिने दुसरं पान घेतलं. "वाटलं, बोलशील तेव्हा बोलशील. माझी बहीण सासष्ट वर्षांची होती, हृदय थकलेलं होतं. तुझ्या चिमूटभर मातीने ती गेली, असं मी म्हणणार नाही."

पान दुमडता दुमडता ती पुन्हा म्हणाली, "फक्त त्या रेघा तेवढ्या काढायला नको होत्यास."

"कसल्या रेघा?"

"बोटांच्या, अगदी जवळून दिसतील अशा बारीक. वरून खाली. कपाळापासून हनुवटीपर्यंत माती खरवडल्यासारखी."

"मी रेघा काढल्या नाहीत मावशी."

मावशीचे हात थांबले.

"मग तिने स्वतःच पुसायचा प्रयत्न केला असेल," मी म्हणाले.

मावशी माझ्याकडे बघत नव्हती. ती माचीकडे बघत होती.

"अंघोळ मी घातली तिला," ती हळू म्हणाली. "हात स्वच्छ होते. नखातसुद्धा मातीचा कण नव्हता."

मग मावशीने ताईची हनुवटी धरली. "रात्री तोंड धुऊन झोप. ऐकतेस ना? काही लावू नकोस. पावडर नाही, काही नाही."

ताईने मान हलवली.

*

पहाटे देवळातला ढोल वाजला आणि मला जाग आली. शेजारची चटई रिकामी होती.

मी जिन्यावरून कंदील घेऊन उतरले.

ताई माचीवर झोपली होती. उताणी. हात पोटावर.

तिचा चेहरा... पांढरा होता.

दोन्ही गाल, कपाळ, नाक, हनुवटी. हलक्या हाताने नव्हे, थापून. वाळून तडकलेली. खाली माझ्या बहिणीचा चेहरा आहे, हे मला ओळखू येईना. मला, जागेपणी.

"ताई."

श्वास चालू आहे का, कळत नव्हतं. मी खांदा हलवला. मान सैल होऊन एका बाजूला गेली.

"ताई! विलाईताई!"

मी मावशीला हाक मारली. पाणी हवं होतं. खालचा रांजण रिकामा. मी धावत वर गेले. आईच्या तसबिरीपुढे चांदीचा वाडगा होता. झोपताना मीच तो काठोकाठ भरून त्यात मोगरा टाकला होता.

वाडगा कोरडा होता.

फुलं तळाला चिकटली होती.

मी तशीच रिकाम्या हाताने खाली आले. कुंपणाकडून मावशी धावत येत होती. आम्ही दोघी एकदमच माचीपाशी पोचलो.

ताईचा चेहरा धुतलेला होता.

स्वच्छ. केसांतून, कानांमागून पाणी ठिबकत होतं. बांबूच्या फटींतून खाली मातीवर पांढरट थेंब पडत होते. मोगऱ्याचा वास. आजूबाजूला कोणी नव्हतं. ओल्या जमिनीवर आम्हा तिघींखेरीज कोणाची पावलं नव्हती.

ताईने डोळे उघडले. मोठा श्वास घेतला, बुडता बुडता वर आल्यासारखा.

"काय केलंस हे?" मावशी तिला गदागदा हलवत रडत होती. "मूर्ख पोरी, काय केलंस?"

ताई उठून बसली. मग म्हणाली, "ती रोज येऊन माझ्या तोंडाकडे बघायची आणि परत जायची. मला वाटलं, तिला तो चेहरा दाखवावा. शेवटचा. सांगावं, हा तुझाच होता गं, मी झाकला होता. तिला आत यायचं असेल तर..."

"आणि तू? तू कुठे गेली असतीस?"

ताईने गालाला हात लावला, ओली बोटं बघितली.

"मी बाहेरच होते मावशी. इथेच, खांबाच्या मागे. मला घर दिसत होतं, माची दिसत होती, पण माचीवर कोण झोपलंय ते ओळखू येत नव्हतं. आणि कोणीतरी माझं नाव घेत होतं. भराभर. पुन्हा पुन्हा. घाबरून."

"मी हाका मारत होते," मी म्हणाले.

"तू 'ताई' म्हणत होतीस. मला ऐकू आलं. हे वेगळं." तिने माझा हात धरला. "बाबांच्या मिशा पुसताना घेत होती ना नाव... तसं."

ढोल थांबला होता. आम्ही तिघी टोपल्या घेऊन देवळात गेलो. आईचा वाटा ताईने ठेवला. विड्याची सुपारी तिने आधीच कुटून आणली होती.

*

त्या दिवसापासून ताई झोपते.

डॉक्टर अनोंग म्हणतात, मनातलं बोलून टाकलं, अडथळा गेला, नियम तर ती पाळतच होती. मावशी म्हणते, आईने लेकीला ओळखलं, बस. ताई दोघींचं ऐकून घेते, स्वतः काहीच म्हणत नाही. तिच्या गालांना मांस आलंय. ती बरी आहे.

मला एवढंच कळत नाही. त्या पहाटे आईला ताईचा चेहरा सापडला, त्यावरची माती धुता आली. स्वतःचा मात्र तिला सापडला नव्हता. तो आम्ही केव्हाच नदीकाठी जाळला. मग ती आता कुठे जाणार?

हे मी बँकॉकमध्ये, माझ्या खोलीत लिहितेय. गेल्या काही महिन्यांपासून मला झोप येत नाही. आधी वाटलं, कामाचा ताण.

मग भिंतीपलीकडून आलं...

टक... टक... टक...

माझं तोंड बाबांवर गेलंय. माझ्यात आईचं काहीच नाही, असं सगळे म्हणतात. तरी पापण्या जड झाल्या की गालाला गारवा लागतो. ती वाकते. बराच वेळ बघत राहते. त्या सणाला न आलेली ही कोण, ते बघते की आणखी काही शोधते, मला माहीत नाही.

डॉक्टरांचा नियम आहे, झोप लागत नसेल तर उठावं, दुसरीकडे जाऊन बसावं.

मी उठत नाही.

चेहरा धुते, केस मागे घेते, दिवा चालू ठेवते, आणि उताणी पडून राहते. हलत नाही. तिला नीट बघू देते.